शनिवारची संध्याकाळ

लंडनचे चार्ल्स स्पर्जन (१८३४-१८९२) म्हणजे व्हिक्टोरियन काळातले सर्वांत गाजलेले प्रवचनकार. पण रविवार सकाळचं प्रवचन ते शनिवारी संध्याकाळी तयार करायला घेत. आलेल्या पाहुण्यांना निरोप देऊन अभ्यासिकेचं दार लावायचं आणि बायबलमधलं वचन शोधत बसायचं. व्यासपीठावर हाती फक्त टिपणाचं चिटोरं. (ऐनवेळी तयारी करणाऱ्यांनी फार खूश होऊ नये, स्पर्जन यांच्या संग्रहात सुमारे १२ हजार पुस्तकं होती.) लघुलेखकांनी उतरवलेला मजकूर ते सोमवारी तपासत आणि गुरुवारी तो एका पेनीला विक्रीला येई.

१९ ऑक्टोबर १८५६ च्या संध्याकाळी सरे गार्डन्समधल्या सभागृहात त्यांच्या प्रवचनाला हजारोंची गर्दी होती. कुणीतरी ‘आग! आग!’ अशी खोटीच आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत ७ जण दगावले. स्पर्जन तेव्हा अवघे २२ वर्षांचे. काही दिवस बायबल नुसतं दिसलं तरी त्यांना रडू येई. दोन आठवड्यांत ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले, पण नैराश्याने पाठ सोडली नाही. पुढे आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक अख्खं व्याख्यान दिलं, ते उपदेशकाला येणाऱ्या या खिन्नतेवरच.