तुरटी, चुना आणि बोअरचं पाणी

आष्टी तालुक्यात दुष्काळ वाढला की बोअर आणखी खोल जातं. खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड उतरतं. बीड जिल्ह्यात ही तक्रार जुनी आहे. पाणी दिसायला स्वच्छ, चवीलाही बरं. म्हणूनच फसायला होतं! भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, पुढे हाडं-सांधे आखडणं.

उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने यावर नालगोंडा पद्धत काढली. पाण्यात चुना आणि तुरटी टाकून ढवळायचं, की कापसासारखे पांढरे पुंजके धरतात आणि फ्लोराइड घेऊन तळाशी बसतात. वरचं पाणी गाळून घ्यायचं. मात्र मात्रा अंदाजपंचे नको. आधी तपासणी हवीच. जास्त तुरटी पडली तर पाण्यात अॅल्युमिनियम उरतं. तळाचा गाळही विहिरीजवळ ओतू नका, त्यात तेच फ्लोराइड असतं.

पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो. बोअर मारताना लाख-लाख घालतो आपण, तपासणीला मात्र हात आखडतो.