खुर्ची मिळाली, पण सही कोणाची?

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की बोलणं हमखास गावच्या राजकारणावर येतं. आपली बाई सरपंच झाली तरी काम का अडतं? तीच तीच घराणी निवडून कशी येतात? आज यावरच बोलू. आम्हाला कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. पद कसं मिळतं, सत्ता कुठे असते आणि आपल्या हाती काय येऊ शकतं, एवढंच समजून घेऊ.

पहिलं उदाहरण आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचं. मारोतराव कन्नमवार गरिबीत वाढले, लहानपणी वर्तमानपत्रं विकली. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले आणि वर्षानुवर्षं काँग्रेसचं काम करत राहिले. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं. मुंबईत मुख्यमंत्र्याची खुर्ची रिकामी झाली, तिथे कन्नमवार बसले. वर्षभरानंतर, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच ते वारले. जागा कधी रिकामी होईल हे कोणाच्या हाती नसतं. पण ती रिकामी होते तेव्हा जो माणूस आधीपासून संघटनेत असतो, ज्याला लोक ओळखतात, त्याचंच नाव पुढे येतं.

दुसरा रस्ता घराण्याचा. अहेरी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. २०१४ ला तिथून अंब्रीशराव आत्राम निवडून आले, २०१९ ला धर्मरावबाबा आत्राम. २०२४ ला हे दोघे आणि धर्मरावबाबांची मुलगी भाग्यश्री आत्राम-हलगेकर, असे एकाच घराण्यातले तिघे एकमेकांसमोर उभे राहिले. जिंकले धर्मरावबाबा. मोठ्या घराण्याचं नाव गावोगाव माहीत असतं. जुने कार्यकर्ते, गाड्या, ओळखी तयार असतात. नव्या माणसाला हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं. राखीव जागा कोण उभं राहू शकतं ते ठरवते. उभं राहायचं बळ मात्र ती देत नाही.

आता आपल्या बायांकडे येऊ. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ ला त्या निम्म्या केल्या. पण आरक्षण फिरतं असतं. आज वॉर्ड महिला राखीव, पुढच्या वेळी सर्वसाधारण. पाच वर्षांत बाई अंदाजपत्रक वाचायला शिकते, पंचायत समितीचा रस्ता तिला कळतो, आणि नेमकं तेव्हाच घरातून निरोप येतो, "आता जागा पुरुषांची आहे, तू बस." मैत्रिणींनो, हे खरं नाही. सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांसाठी राखीव जागा नव्हे. तिथे बाईही उभी राहू शकते.

शिवाय निवडून येणं वेगळं आणि सत्ता हातात असणं वेगळं. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) या दोघांच्या सहीने निघतो. वित्त आयोगाच्या पैशाला तर आता डिजिटल सही लागते. ती सही ज्यात असते तो डोंगल बाईच्या नावाचा. पण तो राहतो कोणाच्या खिशात? नवऱ्याच्या, दिराच्या की ऑपरेटरच्या टेबलात? ज्याच्या हाती डोंगल, त्याच्या हाती गावचा पैसा.

मग पद नसलेल्या बाईच्या हाती काहीच नाही का? आहे. दारूबंदीचंच घ्या. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरातही ती व्हावी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो बाया चिमूरहून नागपूरला, विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने ती उठवली. बेकायदा विक्री आणि गुन्हे वाढले, असं कारण दिलं. बंदी हवी की नको, यावर आपल्यातही दोन मतं असतील. पण एक बघा. बायांनी चालून चालून निर्णय मिळवला, तरी त्याची किल्ली मुंबईतच होती. जिथे निर्णय झाला, तिथेच तो बदलला.

याच्या शेजारी धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ठेवून बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ ला या छोट्या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वनखातं वाहतूक परवाना देईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता, आणि झाडावर खात्याचा अधिकार. नव्या कायद्यात मात्र बांबू गौण वनउपज आहे, आणि त्यावर गावाचा हक्क आहे. एका शब्दावर सगळं अडलं होतं. गावाने तो शब्द सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मेंढ्याकडे स्वतःचा आमदार नव्हता. त्यांच्याकडे अभ्यासगट होता, जिथे लोक कायदा वाचून समजून घेत. आणि निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायची सवय होती, त्यामुळे बाहेरच्याला गावात फूट पाडता येत नव्हती. मिळालेला हक्क संसदेच्या कायद्यातला आणि ग्रामसभेच्या नावावरचा. पुढे मंत्रिमंडळं बदलली, म्हणून तो कागद रद्द झाला नाही.

म्हणून आम्ही चार कामं सुचवतो. एक, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा कायदाच आहे. ती घ्यायला लावा आणि ठराव तिथेच लिहा. दोन, ग्रामसभेत सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या पानावर सही नको. तीन, गटातली बाई सरपंच असेल तर तिला एकटी पाडू नका. पंचायत समितीत जाताना दोघी सोबत जा, आणि डोंगल तिच्याच पिशवीत राहील हे बघा. चार, सर्वसाधारण जागेसाठी आतापासून एक बाई तयार करा. जमाखर्च तिला शिकवा, गावात तिला बोलू द्या. जागा सुटल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

पुढच्या बैठकीत हिशोब संपला की ग्रामपंचायतीचा या वर्षीचा जमाखर्च मागवा आणि एकीने तो सगळ्यांना वाचून दाखवा. न कळलेली ओळ दिसली की तिच्याखाली रेघ मारा. ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारा.