मुखेडची भट्टी आणि माझा कुकर

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी राहतो आणि कुकीवरून आमच्यात कायम भांडणं असतात. एकीला हवी च्युई, म्हणजे मध्ये मऊ आणि तोडताना जरा ताणली जाणारी. दुसरीला हवी क्रंची, जिचा आवाज बाजूच्या क्युबिकलमध्येसुद्धा गेला पाहिजे! मला मात्र हवी होती मुखेडच्या भट्टीतली नानकटाई आणि ती कुठल्याच कॅफेच्या मेन्यूत नव्हती.

मुखेड हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, माझं आजोळ. मोठी सुट्टी लागली किंवा दिवाळी आली, की तिथे घराघरातून पत्र्याचे डबे बाहेर निघायचे. डब्यात चाळलेली कणिक, दळलेली साखर आणि वेगळ्या बरणीत घरचं तूप. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. त्याला करणावळ द्यायची आणि संध्याकाळी डबा भरून घरी आणायचा. मराठवाड्यातच काय, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे असंच चालायचं. आपला डबा आपल्यासमोरच भरला जातोय ना, यावर लक्ष ठेवायला एक मूल तिथे बसवायचे. आमच्या घरातून ती ड्यूटी माझी. बदल्यात तुटलेले तुकडे मिळायचे, त्यामुळे जॉब सॅटिस्फॅक्शन फुल्ल!

दसऱ्याच्या आधी आजीचा फोन आला. ‘भट्टी बंद व्हायली म्हणं. यायचं तर याच दिवाळीला ये.’

मी बॅग भरली आणि बॅगेत किचनचा वजनकाटा टाकला. कारण सरळ होतं. आजीची रेसिपी कुठेच लिहिलेली नाही. विचारलं की एकच उत्तर, ‘हाताला कळतंय की.’ आजी आता 84 वर्षांची आहे आणि तिचे हात थरथरतात. भट्टी जाणार आणि पाठोपाठ हे मापही जाणार, हे टेन्शन मला एसटीत बसल्यापासून होतं.

मग ओट्यावर आमचं एक सॉलिड युद्ध झालं. आजी मूठभर काही घेणार, मी तिची मूठ परातीच्या आधी काट्यावर रिकामी करायला लावणार. ‘सोनं हाय का ते, तोलायलीस?’ ती वैतागली. शेवटी आकडे हाती आलेच. कणिक 400 ग्रॅम, बेसन 100, पिठीसाखर 260, तूप 290, अर्धा चमचा खायचा सोडा, एक चमचा दही आणि वेलदोडा. तूप आणि साखर पांढरंशुभ्र होईपर्यंत तळहाताने फेसायची. यात शॉर्टकट नाही. मला वीस मिनिटं लागली आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखत होता.

बेकरीवाले चाचा थकले आहेत. त्यांची भट्टी लाकडावरची. आधी जाळ करून ती आतून चांगली तापवायची, मग निखारे बाहेर ओढायचे. तापलेल्या विटांच्या उष्णतेवर आधी पाव आणि भट्टी जरा उतरली की बिस्किटं. थर्मामीटर वगैरे काही भानगड नाही. चाचा चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर फेकतात आणि ते किती वेळात लाल होतं ते बघतात. पीठ लगेच काळं पडलं तर थांबायचं. ‘बेटा, बिस्कूट को घाई नको,’ हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

भट्टी का बंद करताय, असं मी विचारलंच. त्यांनी ट्रेमधून मान वर केली नाही. पोरं हैदराबादला आहेत, लाकूड परवडत नाही आणि पाकिटातली बिस्किटं प्रत्येक किराणा दुकानात लटकलेली असतात. ‘डबा घेऊन कोन येतंय आता? तुझी आजी येती.’

हैदराबाद आमच्याकडे असं सहज बोलण्यात येतं. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्याच राज्यात होतो. शेवटच्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अलींच्या नावावरून ओळखलं जाणारं उस्मानिया बिस्कीट तिथे अजूनही इराणी चहाबरोबर खातात. नानकटाईची वाट मात्र सुरतेहून येते. सुरतेतल्या डचांची बेकरी त्यांच्याकडच्या दोतीवाला नावाच्या पारशी माणसाकडे आली आणि तिथे ही बिस्किटं तयार झाली, असं सांगतात. गंमत म्हणजे ‘कुकी’ हा शब्दही मूळ डच! म्हणजे माझ्या रूममेट्सची कुकी आणि माझी नानकटाई लांबच्या नात्यातल्या निघाल्या. चॉकलेट चिप कुकी त्या मानाने धाकटी. ती अमेरिकेत 1930च्या दशकात रूथ वेकफिल्ड या बाईंनी आपल्या हॉटेलात केली.

पुण्यात परतल्यावर खरी परीक्षा. आमच्याकडे ओव्हन नाही, कुकर आहे. शिटी आणि रिंग काढायची, तळाला मिठाचा जाड थर द्यायचा, वर जाळी ठेवायची आणि दहा मिनिटं तापवायचं. पहिला घाणा खालून कोळसा झाला. गॅस मोठा होता (बिस्कूट को घाई नको!). दुसरा पसरून पापड झाला, कारण ऑक्टोबर हीटमध्ये तूप पातळ झालं होतं. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर हा प्रॉब्लेम सुटला. तिसऱ्या वेळी रंग मस्त आला, पण बोट लावलं तर मऊ लागली म्हणून मी आणखी पाच मिनिटं ठेवली आणि दगड झाला. नानकटाई गरम असताना मऊच असते. ती कडा धरते गार होताना. मंद आचेवर वीसेक मिनिटं, कडा बदामी दिसल्या की बाहेर काढायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात कठीण.

च्युई आणि क्रंचीचा फंडाही याच नादात क्लिअर झाला. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, लोण्यात सहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. गव्हाच्या पिठाला पाणी मिळालं की चिवटपणा येतो. म्हणून तुपातली नानकटाई खुसखुशीत आणि बटरमधली कुकी ताणली जाणारी. दुसरा खेळ साखरेचा. पांढरी साखर कुरकुरीत करते, गूळ ओलावा धरून ठेवतो. मग रूममेटसाठी 115 ग्रॅम बटर, 120 ग्रॅम चिरलेला गूळ, 50 ग्रॅम साखर, एक अंडं, 160 ग्रॅम मैदा आणि अर्धा चमचा सोडा असा गुळाच्या कुकीचा घाणा काढला. मधला भाग कच्चा वाटत असतानाच उतरवला. ती च्युई म्हणजे अगदी च्युई झाली. ज्वारीचं पीठ घालून बघायचा मोह मलाही झाला, पण ज्वारीत चिवटपणा मुळातच नाही. ती नानकटाईत शोभते, इथे भुगा होतो.

सहाव्या घाण्याची नानकटाई मला मुखेडच्या जवळ वाटली. मामा गावी निघाला होता. त्याच्याबरोबर डबा पाठवला, अर्ध्यात नानकटाई आणि अर्ध्यात गुळाच्या कुकीज. चाचांसाठीही एक पुडी.

तीन दिवस फोन नाही. मी जाम अस्वस्थ. चौथ्या दिवशी आला.

‘ती मऊ मऊ कशाची केलीस? गुळाची का? ती बरी हाय, मला दात न्हाईत.’

‘आणि नानकटाई?’

‘चाचानं खाल्ली. म्हणला, भाजली चांगली पोरीनं.’

‘आणि तू?’

पलीकडे जरा शांतता.

‘तूप इकतचं हाय ना? वासावरूनच कळलं. पुढच्या येळंला मामासंगं बरणी धाडते, मग बघ.’