गोंड्याचं मेंढरू : लोकर, खोकं आणि थोडं गणित

विषय ऐकून पुढच्या रांगेत थोडं हसू उमटलेलं आम्हाला इथून दिसतंय. व्याख्यानाला येऊन लोकरीचं खेळणं बघायचं म्हणजे काय! पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांत, शाळांमधून आणि बचत गटांमधून आम्ही हे मेंढरू करून दाखवतो, तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "आमचा गोंडा तुमच्यासारखा फुलत का नाही?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "हे विकता येईल का हो?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरीचशी एकाच ठिकाणी आहेत : पुठ्ठ्याच्या चकतीत. आज त्या चकतीबद्दलच बोलायचंय.

गोंडा आपल्याला नवा नाही. आषाढातला बेंदूर आठवा. सीमेलगतच्या गावांत तर ज्येष्ठातच कर्नाटकी बेंदूर होऊन गेलेला असतो. खिलार बैलाच्या शिंगांना आणि गळ्यात जे रंगीत झुपके बांधतात, तेच हे गोंडे. घरात कुणीतरी चार बोटांभोवती धागा गुंडाळायचं, मधे आवळून बांधायचं, दोन्ही टोकं कातरायची, झाला गोंडा. पण बोटांवर केलेला गोंडा झुपक्यासारखा होतो, लांबट. गोल चेंडू हवा असेल तर धागा गोलाभोवतीच गुंडाळावा लागतो. चकती त्यासाठी.

आधी धाग्याचं बोलू, कारण गफलत तिथूनच सुरू होते. दुकानात आपण "लोकर द्या" म्हणतो आणि दुकानदार जी गुंडी देतो, ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते. म्हणजे प्लॅस्टिकचाच भाऊबंद. ओळखायची रीत सोपी आहे, फक्त ती मोठ्या माणसाने करायची. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावायची, खाली पाण्याची ताटली ठेवायची. खरी लोकर धुमसते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की बहुधा विझते आणि उरलेली राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, पेटतं राहतं आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. ज्या घरात चूल आहे, देवापुढे दिवा आहे आणि खेळणं पोराच्या हातात आहे, तिथे हा फरक माहीत असायला हवा.

मग आपल्या मेंढरांची लोकर का नाही वापरायची? हा प्रश्न माणदेशात तर कुणीही विचारेल. दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या रांजणीला महामंडळाची मेंढीपालन केंद्रं आहेत, पावसाळा सरला की मेंढपाळांचे कळप वाटेला लागतात, आणि तरीही खेळण्याची लोकर आपण बाहेरून आणतो. खरं सांगायचं तर दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. मेरिनोच्या मऊ लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. दख्खनी तंतू त्याच्यापेक्षा कितीतरी जाड, म्हणून गालाला टोचतो. घोंगडीला तोच गुण उपयोगी पडतो. सणगर तिच्यावर चिंचोक्याची खळ चढवतात, घोंगडी ताठ होते, पाऊस आणि वारा दोन्ही अडवते. गोंडा मात्र या लोकरीचा केला तर तो कुंच्यासारखा उभा राहतो. फुलतो, पण मऊ होत नाही.

कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, हे मेंढपाळांच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकलंय. दुसरीकडे जत तालुक्यातल्या मडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी बघा. तिचं राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक! तसल्या नाकाच्या नराला बाजारात लाखांची बोली लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. नाकाला लाख आणि लोकरीला शून्य, असा हा हिशोब आहे. एका खेळण्याने तो बदलणार नाही, आम्ही तसा दावाही करत नाही. पण काळ्या दख्खनी लोकरीचा कान आणि शेपूट आम्ही आवर्जून लावतो. पोरं हात लावून विचारतात, हे टोचतं का? मग बोलायला विषय मिळतो.

धडाला आमची पसंती जुन्या स्वेटरला. साताऱ्याच्या बाजूला, महाबळेश्वर-पाचगणीकडे, स्वेटर झिजेपर्यंत वापरतात. सांगलीत तो वर्षातून दोन महिने निघतो आणि मुलगा वाढला की नव्यासारखाच पडून राहतो. तो उसवायचा. उसवलेला धागा नागमोडी येतो. पुन्हा विणणाऱ्याला या नागमोडीचा वैताग, ती धागा भिजवून, वजन टांगून सरळ करते. आपण तसं काही करायचं नाही. वळणं तंतूंना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे तोच धागा जास्त जागा व्यापतो. गोंड्याला हेच तर हवंय.

आता चकती. तासगावकडे बेदाण्याची खोकी मिळतात, वाई-महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीची. कुठलंही तीन पदरी नाळीदार खोकं चालेल. पातळ कार्डापेक्षा हा पुठ्ठा बरा, कारण पुढे दोन चकत्यांच्या फटीत कात्री घालायची असते आणि जाड पुठ्ठ्यात ती फट सापडते. एकसारख्या दोन चकत्या कापायच्या, मधे गोल भोक, आणि एका बाजूने भोकापर्यंत चीर. चीर असली की सुई लागत नाही, धागा सरळ आत सरकवता येतो.

माप किती? आठ सेंटिमीटरची चकती घेतली की आठ सेंटिमीटरचा गोंडा होईल, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. होत नाही. धागा चकतीच्या कडेवर कापला जातो आणि भोकाच्या जागी बांधला जातो. म्हणजे प्रत्येक टोकाची लांबी चकतीच्या पट्टीच्या रुंदीएवढी. दोन्ही बाजूंची रुंदी मिळवली की गोंड्याचा व्यास येतो. थोडक्यात, चकतीच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करा. आठातून तीन गेले, गोंडा पाच सेंटिमीटरचा.

मग भोक लहान केलं की गोंडा मोठा, नाही का? मोठा होईल, पण विरळ. कारण प्रत्येक वेढा भोकातून जायला हवा. भोक भरलं की गुंडाळणं संपलं. फुलणं हे लांबीवर नसतं, दाटीवर असतं. पाच सेंटिमीटरच्या चेंडूचं पृष्ठफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. शंभर वेढे दिले तर दोनशे टोकं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम अडीच. फुंकर मारली की आतली गाठ दिसते. दोनशे वेढे दिले तर पाच टोकं, आणि मग टोकं एकमेकांना टेकून उभी राहतात. शिवाय कापलेल्या टोकाशी धाग्याचा पीळ सुटतो आणि एका टोकाचा छोटा कुंचा होतो. दोन मिलिमीटर जाडीच्या धाग्याचे दोनशे वेढे तीन सेंटिमीटरच्या भोकात बरोबर मावतात. धडासाठी सात सेंटिमीटरचा गोंडा हवा, तर चकती अकराची आणि भोक चाराचं. तिथे तेवढ्याच दाटीसाठी वेढे लागतात ३८० च्या घरात.

३८० म्हटल्यावर पोरांचे चेहरे पडतात. चार पदर एकत्र धरा, ९५ वर काम भागतं. धागा डोक्याला पंधरा मीटर, धडाला चाळीस मीटर धरून चाला. मोजत बसायचं नसेल तर खूण एकच : भोकात करंगळीसुद्धा शिरता कामा नये.

आता गाठ. "आमचा फुलत नाही" याचं निम्मं कारण इथे आहे, आणि "आमचा झडतो" याचं पूर्ण. गुंडाळायचा धागाच बांधायला घेऊ नका, तो ओढताना ताणतो नाही तर तुटतो. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा घ्या. चकत्यांच्या कडेने, दोन्हींच्या मधोमध कात्री फिरवा, चकत्या काढायच्या नाहीत. फटीतून दोरा घाला आणि पहिली गाठ मारताना टोक एकदा नव्हे, दोनदा गुंतवा. त्यामुळे आवळल्यावर दुसरी गाठ मारेपर्यंत ती सैल पडत नाही. मग दोरा विरुद्ध बाजूला नेऊन पुन्हा आवळा. एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, हे दोघांचं काम आहे. आवळल्यावर कंबर जितकी बारीक, तितकी टोकं बाहेरच्या बाजूला फाकतात. दोऱ्याची शेपटं लांब ठेवा, डोकं धडाला त्यांनीच जोडायचंय.

चकत्या काढल्यावर गोंडा ओबडधोबड दिसतो. तळहातावर फिरवत सगळीकडून थोडं थोडं कातरायचं. धागा खऱ्या लोकरीचा असेल तर भांड्यातल्या पाण्याची वाफ मोठ्या माणसाने लांबून दाखवावी, तंतू सुटे होतात. ॲक्रिलिकला वाफ दाखवू नका, ते लुळं पडतं आणि पुन्हा उठत नाही.

पाय पुठ्ठ्याचे. पुठ्ठ्याच्या पोटातल्या नाळ्या उभ्या येतील असेच पाय कापा. नाळी उभी असली की तो खांब असतो. आडवी असेल तर धडाच्या भाराने पाय गुडघ्यात मोडतो, अगदी थकल्या मेंढरासारखा. चार पायांऐवजी दोन कमानी करा, पुढची एक, मागची एक. त्या गोंड्यात गाठीपर्यंत खोचायच्या आणि धडाच्या दोऱ्याची शेपटं कमानीला पाडलेल्या भोकांतून घेऊन बांधायच्या. चिकटवायला चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवलेली खळ चांगली, घोंगडीवरची तीच. लागेल तेवढीच करा, ती टिकत नाही. बुरशी येऊ नये म्हणून जुने लोक खळीत मोरचूद घालत. खेळण्यात तो अजिबात नको, विषारी आहे. चेहरा पुठ्ठ्याचा, त्याला मडग्याळी बाक द्यायचा. जाणकार लगेच म्हणतील की मडग्याळ मेंढीला इतकी लोकर असतेच कुठे! बरोबर आहे. आमचं मेंढरू नाकाने जतचं आणि अंगाने कुठलंही नाही.

आता विकण्याचा प्रश्न. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून गटातल्या बायकांना आम्ही सांगतो, आधी कारागीर म्हणून नोंदणी, मग जत्रेतला स्टॉल. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याचा नियम विचारून घ्या, नियम बदलत असतात.

पण सूट मिळाली म्हणून पोराचा घसा रुंद होत नाही. खेळण्यांच्या सुरक्षेची जी मानकं आहेत, त्यांत गोंड्यासाठी वेगळं कलम आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यावरचा गोंडा ओढून-पिळून पाहायचा, आणि तो सुटलाच तर ४४.५ मिलिमीटरच्या भोकातून आरपार पडता कामा नये. आता मघाचं गणित आठवा. आपलं डोकं पाच सेंटिमीटरचं. कातरताना हात जरा सैल सुटला की ते साडेचारच्या खाली येतं. म्हणजे ज्या चकतीने गोंडा फुलवला, तिनेच तो धोक्याचा की बिनधोक हेही ठरवलं. एका गटात शेपटीला दोन सेंटिमीटरचा गोंडा लावायची हौस होती. दिसायला फार गोड, पण नेमका घशात बसेल असा. आम्ही तो काढायला लावला, थोडी नाराजीही झाली.

परीक्षेसाठी यंत्र लागत नाही. पुठ्ठ्यालाच ४४.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि गोंडा वरून सोडा. मग खेळण्याचं डोकं धरून हिसका द्या, चांगला जोरात. हातात आलेलं काहीही, मणी, बटण, कान, बाळाच्या तोंडात गेलं असतं असं समजा. डोळ्यांना बटण नकोच, काळ्या दोऱ्याचे चार टाके भरा. आणि हे सगळं केल्यावरही, पुठ्ठ्याचे पाय असलेलं हे मेंढरू आम्ही तीन वर्षांवरच्या मुलांनाच देतो. लहानगी पुठ्ठा चघळतात, लाळेने त्याचा लगदा होतो आणि तंतूही तोंडात जातात. तान्ह्या बाळासाठी गोंडा करायचाच असेल तर तो पाळण्याच्या वर, हात पोचणार नाही इतका उंच टांगा.

मागून एक प्रश्न आला होता, धुवायचं कसं? पाय पुठ्ठ्याचे, तेव्हा पाण्यात बुडवायचं नाही. ओल्या फडक्याने वरवर पुसा, उन्हात ठेवा. खरी लोकर असेल तर तिला कसर लागते, म्हणून पावसाळ्याआधी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरा. आणि पाय मोडले तर नवं मेंढरू करू नका, शेपटं सोडून नव्या कमानी बांधा. गोंडा पायांपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो.