गाडी तीच, हे सांगायचे कुणी?

इंग्लंडच्या हायकोर्टात १९९० साली एका जुन्या मोटारीचा खटला गाजला. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीचा १ कोटी पौंडांना सौदा ठरला होता आणि ऐनवेळी घेणाऱ्याने माघार घेतली. त्याचे म्हणणे एवढेच, की ही गाडी ‘ती’ नव्हेच. ती म्हणजे १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली, सहा सिलिंडरची, साडेसहा लिटर इंजिनाची ‘स्पीड सिक्स’. विकणारा म्हणत होता, हीच ती. मग न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर तज्ज्ञांनी गाडीचा कीस काढला आणि जे निष्पन्न झाले ते ऐकून कोणीही म्हणेल की खटला विकणारा हरला. १९२९ साली धावलेल्या गाडीचे, काळ ठरवता येत नाही अशा काही किरकोळ जोडण्या सोडल्या, तर काहीच शिल्लक नव्हते. १९३० च्या गाडीचा पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच उरले होते. बाकी चासी, इंजिन, पुढचा आस, रेडिएटर हे सारे १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीसाठी पुन्हा बांधलेल्या गाडीचे. त्या शर्यतीत गाडी धावपट्टीच्या कलत्या वळणाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाला. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी म्हटले, हिला मूळ स्थितीतली गाडी म्हणता येणार नाही, पण अस्सल म्हणता येईल. कारण १९२९ मध्ये कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यापासून हिच्या इतिहासात खंड नाही आणि हे नाव सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही.

या निकालाचा एक सोपा अर्थ जुन्या गाड्यांच्या बाजारात लगेच रूढ झाला: लोखंड कुठले याला महत्त्व नाही, वंशावळ महत्त्वाची. (फळी-फळी बदललेल्या जहाजाचे ग्रीक कोडे इथे हमखास सांगितले जाते; पण त्या जहाजाला चासी नंबर नव्हता आणि त्याच्यासाठी कुणी १ कोटी पौंडही मोजत नव्हते.) माझ्या मते हा अर्थ अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग गाळल्यामुळे दर वर्षी असंख्य जुन्या गाड्यांचे नुकसान होते. गाडीची ओळख तिच्या अखंड इतिहासात असते, हे मान्य. पण इतिहास अखंड आहे हे कोर्टाला कळले कसे? जुने दस्तऐवज, छायाचित्रे आणि माणसांच्या साक्षी होत्याच. त्यांच्या जोडीला गाडीतला प्रत्येक तुकडा आपले वय सांगत होता. बेंटलीचे चार लिटरचे मॉडेल १९३१ साली बाजारात आले, आठ लिटरचे १९३० साली. म्हणून या गाडीत सापडलेली चार लिटरची चासी आणि आठ लिटरचे इंजिन १९२९ च्या शर्यतीत असणे शक्यच नव्हते; ते नंतर बसवले गेले, आणि केव्हा बसवले गेले याच्याशी कागद जुळले. जुने भाग पूजेसाठी जपायचे नसतात, साक्षीसाठी जपायचे असतात. साक्षीदारच नाहीसा केला, तर पुढच्या न्यायाधीशाने अस्सलपणा कशावरून ठरवायचा?

ही साक्ष किती बारीक असू शकते, ते रंगाच्या एका टवक्यावरून कळते. मडगार्डच्या आतल्या कडेला, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोहोचत नाही, तिथून मोहरीएवढा टवका काढतात. तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवून त्याची एक बाजू घासून आरशासारखी करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मग गाडीचे आयुष्य एकावर एक रचलेल्या पट्ट्यांत दिसू लागते: तळाशी गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचे हात, मध्येच काळपट रेघ म्हणजे धूळ आणि धूर बसून राहिलेला काळ, मग दुरुस्तीच्या वेळी भरलेली लांबी, पुन्हा नवा रंग. पट्टीचे रसायन तिची तारीख सांगते. १९२३-२४ पर्यंत मोटारींवर तेल आणि व्हार्निशचे रंग चढवत; ते वाळायला दिवसचे दिवस, कधी आठवडे लागत. त्यानंतर अमेरिकेतून नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग आले आणि कारखान्यांतली ती अडवणूक संपली. पांढऱ्या रंगद्रव्याचेही तसेच. जुन्या थरात शिशाचा पांढरा सापडतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा रुटाइल हा प्रकार १९४० च्या दशकात बाजारात रुळला. एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या हातातल्या यंत्राने शिसे की टायटॅनियम हे क्षणात कळते, आणि टायटॅनियम कोणत्या प्रकारचे हे रामन वर्णपटावरून. १९२९ ची म्हणून दाखवलेल्या थरात रुटाइल सापडले, तर तो थर १९२९ चा नाही. वादाला जागाच उरत नाही.

चासीवर ठोकलेल्या नंबराची गोष्ट याहून रंजक आहे. छिन्नीसारखा ठसा पोलादावर हातोड्याने ठोकला की खड्डा तर पडतोच, पण खड्ड्याखालचे धातूचे कणही दाबले जाऊन विस्कटतात. कुणी कानस लावून नंबर पुसला, तरी खालचा विस्कटलेला थर राहतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण फिरवले की ताण पडलेला धातू आणि न पडलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि पुसलेले आकडे पुन्हा उमटतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या वाहनांसाठी आणि शस्त्रांसाठी हीच युक्ती वापरतात. मात्र खूप खोलवर घासले तर तो थरच निघून जातो, आणि वेल्डिंगने तो भाग लालबुंद केला तर कण पुन्हा जागेवर बसतात; दोन्ही वेळा नंबर कायमचा जातो. लाकडाच्या सांगाड्याला आणि सीटच्या चामड्याला वेगळीच परीक्षा आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ च्या चाचणीबंदी करारापर्यंत वातावरणात झालेल्या अणुस्फोटांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. त्या हवेत वाढलेल्या झाडात आणि त्याच हवेतले गवत खाल्लेल्या जनावराच्या कातड्यात ते जादा कार्बन उतरले. तीसच्या दशकातली म्हणून सांगितलेली सीट असे कार्बन दाखवत असेल, तर ती सीट नंतरची.

आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहू. गाडी आली की पहिले काम सँडब्लास्टिंग. रंगाचे सगळे थर, कारखान्यातल्या हत्यारांच्या खुणा, मिस्त्रीने खडूने लिहिलेले आकडे, सारे दोन तासांत जमिनीवर वाळूबरोबर पडते. मग पत्रा ठोकून सरळ, लांबी, घासकाम आणि आजच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचे चकचकीत हात. विसाच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाडीवरही क्रोमचा मुलामा चढतो; वास्तविक त्या काळी मोटारींवर निकेल असे आणि क्रोम त्या दशकाच्या अखेरीला आले. असे चमचमणारे हेडलाइट दिसले की मला त्यात मिस्त्रीची हौस दिसते, गाडीचा काळ दिसत नाही. खर्च मोठा, मेहनत खरी, आणि शेवटी गाडीकडे स्वतःबद्दल सांगायला काही राहत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मजबूत आहे: मोटार हे यंत्र आहे, चालण्यासाठीच जन्मलेले, आणि चालायचे तर भाग बदलायलाच हवेत. बरोबर आहे. बेअरिंगचा पांढरा धातू झिजण्यासाठीच ओतलेला असतो. १९२० च्या दशकातले जस्ताचे ओतीव भाग, विशेषतः काही कार्बुरेटर, त्यातल्या शिशाच्या अशुद्धीमुळे आतूनच भुगा होतात. अतिशुद्ध जस्ताचा मिश्रधातू १९२९ च्या सुमारास आल्यावर हा रोग आटोक्यात आला. स्टिअरिंगच्या दांड्यात लाखो धक्क्यांनंतर केसाएवढ्या भेगा पडतात. त्या चुंबकीय भुकटीच्या चाचणीत दिसतात आणि दिसल्यावर तो दांडा बदलला नाही, तर तो गुन्हाच म्हणावा लागेल. पण भाग बदलणे आणि साक्ष पुसणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मोटारींच्या इतिहासातच लिहिलेले आहे. १९०७ साली रोल्स रॉइसने ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाची, एएक्स २०१ क्रमांकाची उघडी टूरिंग गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो रस्त्यावर येरझाऱ्या घालत १५,००० मैल पळवली. ६२९ मैलांवर धक्क्याने पेट्रोलचा कॉक बंद झाला म्हणून गाडी थांबली; त्यानंतर १४,३७१ मैल सलग, अनैच्छिक थांबा न घेता. पुढच्याच टप्प्यात क्लबच्या अधिकाऱ्यांनी गाडी पूर्ण खोलली, झीज मोजली आणि गाडी नव्यासारखी करायला लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च लिहून ठेवला: २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. त्या गाडीचे भाग पहिल्याच वर्षी बदलले गेले. तरी तिच्या अस्सलपणावर शंभरेक वर्षे त्या कारणाने कुणी बोट ठेवले नाही. खोलले, मोजले, लिहिले, मग बदलले. नंतरच्या मालकाकडे चार दशके राहून ती १९४८ मध्ये कंपनीकडे परत आली आणि पुढे पुन्हा पुनर्बांधणीतून गेली. या सगळ्या प्रवासाचा धागा त्या पहिल्या नोंदीपासून पकडता येतो. याच जातीची एक गाडी, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून आली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली, म्हणजे अशा मोजमापाच्या शर्यती आपल्याकडेही नवीन नव्हत्या.

दुसरा आक्षेप मालकाचा: गाडी माझी, पैसे माझे, मला ती नव्यासारखी हवी. कायद्याने त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, २०१२ साली ट्यूरिनची सनद मान्य केली. तिचे सूत्र असे, की आहे ते जपा, बदल कमीत कमी करा, केलेले लिहून ठेवा आणि नवा भाग जुन्यापासून वेगळा ओळखता येईल असा ठेवा. ही सनद मालकाचा हक्क काढत नाही. ती फक्त सांगते, की नव्यासारखी करण्याच्या हौसेचा हिशेब खरेदीदाराने आणि अभ्यासकानेही वाचावा. ज्या दिवशी ‘ओल्ड नंबर वन’सारखा सौदा त्याच्या गाडीचा होईल, त्या दिवशी या नोंदींची फाइलच त्याच्या बाजूने बोलेल. बाजार फाइलीला पैसे देतो, हे मालकांना कळायला वेळ लागतो, एवढेच.

तिसरा आक्षेप भारतातला आहे आणि मला तो सगळ्यांत विचार करायला लावतो. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते तेव्हा जुन्या परदेशी गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या लेथवाल्यांनी. तुटलेला गिअर पितळेत ओतून घेतला, बुश दांड्यावर खरादून बसवला, पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन लावले. अशा गाडीला ‘मूळ’ कसे म्हणायचे? मी म्हणेन, त्या जुगाडी भागांनाही इतिहासाचा दर्जा द्या. गल्लीतल्या कारागिराने केलेला बुश १९६०-७० च्या दशकातल्या टंचाईचा पुरावा आहे. तो उपटून ई-मेलवरून मागवलेला चकचकीत भाग बसवला, तर गाडी अधिक ‘विलायती’ होईल, अधिक खरी होणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले: ५० वर्षांहून जुनी दुचाकी आणि चारचाकी, जी मूळ स्वरूपात राखली आहे आणि जिच्यात मोठा फेरबदल झालेला नाही, ती ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, दहा वर्षांची मुदत, व्यापारी वापर नाही. नियम स्वागतार्ह आहे, पण ‘मूळ स्वरूप’ डोळ्यांनी पाहून ठरवायचे असेल, तर तपासणाऱ्याला चकाकी हीच मूळ वाटणार. वाळू मारून नव्याने रंगवलेली गाडी पास होईल आणि लेथवाल्याच्या बुशवर आजही धावणारी संशयात अडकेल. तपासणीत गाडीसोबत दुरुस्तीची नोंद मागितली, तर हा उलटा न्याय टळेल.

तोपर्यंत काम मालकांच्याच हातात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट असो, आजोबांची जीप किंवा जुनी स्कूटर, पन्नाशी ओलांडलेले वाहन दारात असेल तर गॅरेजला देण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे, विशेषतः चासी नंबर आणि इंजिन नंबरचे, फोटो काढा. डिकीच्या आतला तळहाताएवढा भाग मिस्त्रीला रंगवू देऊ नका. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवा, नव्या भागावर वर्ष कोरून घ्या, जुनी आरसी बुक, विम्याची कागदे आणि गॅरेजची बिले एका फाइलीत लावा. आणि वाळूचा फवारा सुरू करण्याआधी मिस्त्रीला एक दिवस थांबायला सांगा.