दुर्गोत्सवासाठी गलांडा लावा, पण गुंठ्याने!

शेतकरी बंधूंनो, कपाशी-सोयाबीनचा पैसा हाती येईस्तोवर किराणा उधारीवर चालतो. विहिरीजवळचे चार-पाच गुंठे गलांड्याला दिले, तर यवतमाळच्या दुर्गोत्सवात चार पैसे रोख सुटू शकतात.

गलांडा म्हणजे गॅलार्डिया. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतला. तिथल्या ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली त्याला राज्याचे रानफूल ठरविले. रानातलाच असल्याने तो ऊन, हलकी जमीन, पावसाचा खंड सोसतो. मुळाशी साचलेले पाणी मात्र सोसत नाही, मूळ कुजते. म्हणून आपल्या काळ्या जमिनीत लागवड वरंब्यावरच करावी.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी टाकावे. चार-पाच आठवड्यांचे रोप कुजलेले शेणखत घालून ४५ × ३० सें.मी. अंतरावर लावावे. बी टाकल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत फूल सुरू होते. हारासाठी भरगच्च पाकळ्यांची जात निवडावी. तोडणी सकाळीच करावी.

आता महत्त्वाचे. भाव नसला तर सोयाबीन घरात ठेवता येते. तोडलेले फूल ठेवता येत नाही. दसऱ्याला सगळ्यांचेच फूल एकदम आले की भाव पडतो. तेव्हा रोपे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत लावा आणि त्याआधी गावाजवळच्या हारवाल्यांना रोज किती फूल लागते ते विचारून घ्या. एकराचा विचार पुढच्या साली!