उरलेल्यांचे दिवस – लेखांक ७ : हातांना काम, दुःखाला वेळ

गेल्या आठवड्यात आपण ‘का?’ या प्रश्नाबद्दल बोललो. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरात तो दिवसभर फिरत असतो. “एक शब्द तरी बोलायचा होता! मला कसं कळलं नाही?” उत्तर देऊ शकणारा माणूसच उरलेला नसतो. तरी सकाळ होते, दूध आणायचं असतं, जनावरांना वैरण घालायची असते. आज या रोजच्या कामांविषयी.

“कामात मन गुंतव, विसर पडेल,” असं भेटायला आलेले सांगून जातात. पण काम विसरण्यासाठी नसतं. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दोन बाजूंना आलटूनपालटून जातो. कधी आठवणी, रडणं, हळहळ. कधी बदललेल्या संसाराची कामं, म्हणजे हिशेब, फी, स्वयंपाक. दोन्ही लागतात आणि हे जाणंयेणं हेच सावरणं असतं. त्यामुळे भाजी निवडताना तासभर त्याची आठवण आली नाही, तर ती प्रतारणा नव्हे. चपात्या लाटताना डोळे भरून आले, तर तो दुबळेपणाही नव्हे.

सुरुवातीला झोप उडालेली असते, लक्ष लागत नाही. तेव्हा ठरल्या वेळेचं, लवकर संपणारं एकच काम पुरे: अंगण झाडणं, झाडांना पाणी घालणं. पुढे माणसांत नेणारं काम जोडावं. लोक काय म्हणतील या धास्तीने अशी घरं दार लावून घेतात. शेजाऱ्यांनी नुसतं “काही लागलं तर सांगा” न म्हणता “काकू, उद्या दहाला बाजाराला जाऊ, मी येते न्यायला,” असं म्हणावं.

तिसरं काम आठवणीचं. त्याने लावलेल्या झाडाची निगा, वाढदिवसाला त्याच्या आवडीचा पदार्थ, मुलांना त्याच्या खोड्यांच्या गोष्टी. शेवटच्या एका दिवसाने त्याचं सगळं आयुष्य झाकून टाकू नये, यासाठी हे हवं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घरात मागे राहिलेल्या बाईकडे कामाची कमतरता नसतेच. तिच्याकडे हक्क नसतो. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावणं, त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज देणं, फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करणं हेही सावरण्याचंच काम आहे. सोबत कुणी गेलं, तर ते निम्मं हलकं होतं. आणि बांगड्या, कुंकू, हळदीकुंकवाचं बोलावणं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ज्या गोष्टी ती रोज करत आली, त्या तिच्याकडून काढून घ्यायच्या आणि मग “मन रमव” म्हणायचं, हा अन्याय आहे. हेरवाडला जमलं, ते आपल्या गावालाही जमेल.

कामाला मर्यादाही आहेत. कित्येक आठवडे अंथरुणातून उठवत नसेल किंवा आपणही जावं असं वाटू लागलं, तर थांबू नका, लगेच मदत घ्या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं. घरातल्या कुणाला हे बोलणं जड जात असेल, तर फोन तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसून राहा.

पुढील आठवड्यात : मुलांना खरं कसं सांगावं?